टिंब-रेघेची केळ

९ जानेवारी

तार ऑफिसात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे निरोप उतरवून घेतले. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कुठल्या गाडीने येतंय. स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळ सदुसष्टाव्या वर्षी आली, तीही केळींमुळे.

परसात माझ्याकडे सहा जातींच्या केळी आहेत. बुटकी, वेलची, तांबडी, भाजीची, गेल्या वर्षी रोपांच्या प्रदर्शनातून आणलेली काळ्या दांड्याची, आणि आईची. शेवटचीला दुसरं नाव नाही. माझ्या लग्नात आईने ओल्या गोणपाटात गुंडाळून तिचा कंद दिला होता. आखूड फळ, पातळ साल, पिकलं की टोकाला आपोआप फाटतं, म्हणून कुठलाही बाजारवाला तिला हात लावत नाही. चव मात्र अशी की नंतर दुसऱ्या केळ्याला केळं म्हणू नये. ही केळ इतर कुठे बघितल्याचं मला आठवत नाही.

बाजारात जावं तर इकडून तिकडून एकच जात. म्हणून मी ठरवलंय. या वर्षी आमच्या गल्लीत आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांत, ज्याच्याकडे हातभर माती आहे त्याच्याकडे एक तरी वेगळी केळ लागलीच पाहिजे. केळीच्या बुडातून फुटणारी पोरं, म्हणजे मुनवे, मी घरपोच देणार. ठरवलं म्हणजे ठरवलं.

आईची मात्र कोणाला नाही. सूनबाई म्हणाली, "आई, सगळ्या देताय, मग तेवढी एकच मागे का?"

"दिली नाही तरी चोरीला गेली. दिली तर काय होईल?" मी म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी मी डोळे तपासायला गेले होते, तेवढ्या दुपारी आईच्या केळीचा चांगला मनगटाएवढा मुनवा कोणीतरी खणून नेला. भिंतीपलीकडे शिंपी राहतो. भिंत कमरेएवढी. आणखी पुरावा कशाला हवा? तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. हा विषय निघाला की सूनबाईला नेहमी गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवतं. आजही आठवलं.

१८ जानेवारी

पहिले पाच मुनवे गेले. नर्सबाईंना काळ्या दांड्याची, बेकरीवाल्याला भाजीची, बाकीच्यांना बुटकी.

नियम एकच ठेवलाय. तार ऑफिसात निरोप आपल्या ठाण्यावर आला की पुढे पाठवल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तसंच इथे. ज्याला मुनवा मिळाला त्याने आपल्या केळीला फुटलेला पहिला मुनवा स्वतःकडे ठेवायचा नाही. पुढच्या माणसाला द्यायचा आणि त्याचं नाव मला कळवायचं. बेकरीवाला म्हणाला, "मावशी, ही तर साखळीच झाली." म्हटलं, झालीच पाहिजे. मी मेले तरी केळी चालत राहतील.

५ फेब्रुवारी

आज गंमत झाली. काळ्या दांड्याच्या केळीचं पान उन्हाकडे धरलं, तर पाठीमागून शिरांवर गडद हिरवी टिंबं आणि रेघा! टिंब, टिंब, रेघ. मग रेघ, टिंब. आमची तारेची भाषा, जशीच्या तशी. मी वाचूनही पाहिली. अर्थ काही लागेना, पण तार ऑफिसात तरी कुठे रोज लागत होता?

सूनबाईला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ पान निरखत राहिली आणि म्हणाली, "हा रोग तर नसेल ना? बाकीच्यांच्या पानांवर असं नाहीये."

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला धडधाकट माणसातही आधी रोग दिसतो. म्हटलं, "चाळीस वर्षं केळी बघतेय मी. तू तुझ्या काचेच्या नळ्या बघ." ती आत निघून गेली. जरा जास्तच लागट बोलले, पण तिनेही नको तिथे शहाणपण करू नये. चिरंजीव जहाजावर, घरात आम्ही दोघीच, म्हणजे भांडायचं तरी कोणाशी?

या केळीचं नाव ठेवलं, तारेची केळ.

२६ फेब्रुवारी

तारेच्या केळीची कीर्ती गल्लीभर झाली. निवृत्त हेडमास्तर स्वतः चालत आले. मी त्यांना पान उन्हात धरून टिंबं-रेघा दाखवल्या, ते "वा वा" म्हणाले. ज्यांना आधी बुटकी दिली ते आता म्हणतात, आम्हालाही तारेची हवी. मुनवे निवडताना मी मुद्दाम ठळक टिंबांचे निवडते. नुसतं झाड द्यायचं आणि गंमत मागे ठेवायची, हे माझ्या स्वभावात नाही.

आजवर चौदा गेले. त्यातले नऊ तारेचे.

१९ मार्च

सूनबाई दोन दिवस माहेरी जाऊन आली. विहीणबाईंनी पिशवीभर केळी पाठवली. प्रवासात दबली असावीत, सगळी टोकाला फाटलेली. मी एक खाल्लं आणि मग आणखी तीन खाल्ली. चव ओळखीची वाटली. सूनबाई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "कशी आहेत?"

"बरी आहेत. कुठून घेतात तुझी आई?"

"असंच... घराजवळच मिळतात."

म्हातारपणी जिभेला सगळं लहानपणासारखंच लागायला लागतं, दुसरं काय.

११ मे

एकोणीस मुनवे दिले, आणि पुढे चार गेल्याचं कळलं. बेकरीवाल्याने त्याच्या मेव्हणीला दिला, ती तर नदीपलीकडे राहते. साखळी धावतेय!

एकच कुरकुर आली. नर्सबाई म्हणतात त्यांची तारेची केळ वाढत नाही, पानं अरुंद आणि सगळी वर ताठ उभी, दाढीच्या ब्रशासारखी. मी जाऊन बघितली. पाणी फार घालतात. तसं सांगितलं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

२८ जून

हेडमास्तरांच्या शेजारणीचीही तशीच. तिला सांगितलं, पाणी फार कमी घालतेस.

परत येताना स्वतःचंच हसू आलं, आणि मग हसू येईनासं झालं. एकीला फार, दुसरीला कमी, आणि दुखणं एकच?

४ जुलै

माझ्या तारेच्या केळीचा नवा पोगा, म्हणजे कोवळ्या पानाची गुंडाळी, नीट उलगडलाच नाही. पानं एकमेकांना चिकटून वर उभी. शेजारची बुटकीही तशीच व्हायला लागलीये. आणि तिच्या पानावर, जिथे कधी काही नव्हतं, तिथे टिंब, टिंब, रेघ.

सूनबाईने विचारलं, "सरकारी रोपवाटिकेत दाखवायचं का?" मी "नको" म्हणाले आणि पान वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. तिने मुकाट्याने दोरा आणून दिला.

६ जुलै

रोपवाटिकेतल्या रोगतज्ज्ञ बाई माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. पान उजेडाकडे धरायला त्यांना दोन सेकंद लागले.

"मावशी, हा पर्णगुच्छ आहे. या रेघांवरूनच ओळखतात. औषध नाही. मावा म्हणतात ना, पानांच्या बेचक्यातले ते बारीक काळे किडे, ते एका केळीवरून दुसरीवर नेतात. आणि रोगी केळीचा मुनवा हा जन्मतः रोगी. कोणाला मुनवे दिलेत का?"

मी वही काढून दिली. त्या वाचत गेल्या आणि त्यांची भिवई वर वर जात राहिली. "सगळं तारीखवार लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या, तेच जास्त झोंबलं.

काय करायचं तेही सांगितलं. आधी साबणाच्या पाण्याने मावा मारायचा, नाहीतर झाड हलवलं की तो उडून दुसरीकडे जातो. मग कंदासकट उपटून तुकडे करायचे. जानेवारीपासून माझ्या परसातून गेलेला प्रत्येक मुनवा, आणि त्याचा पुढचा. माझ्याकडच्या बुटकी, वेलची, तांबडी, भाजीची, सगळ्या. आईची केळ दूर, विहिरीच्या अंगाला आहे. तिच्यावर खूण नसेल तर तूर्त राहू द्या, पण डोळ्यांत तेल घालून बघा, म्हणाल्या.

एकतीस वर्षांत मी एकही तार चुकीच्या घरी पाठवली नाही. आणि आता तेवीस घरांत स्वतःच्या हाताने रोग नेऊन दिला, वर हौसेने ठळक टिंबांचा निवडून. लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

७ जुलै

रडायला एक दिवस पुरे. उद्यापासून तेवीस घरं. साबणाचं पाणी, कुदळ, कोयता, पोती. सूनबाईने प्रयोगशाळेतून आठ दिवसांची रजा घेतलीये. मी विचारलं नव्हतं. "कशाला घेतलीस?" म्हटलं, तर म्हणाली, "कुदळ तुम्ही मारणार आहात का, या गुडघ्यांनी?"

फेब्रुवारीत तिने विचारलं होतं त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१० जुलै

सहा घरं झाली. नर्सबाईंनी स्वतःच उपटून ठेवली होती. बेकरीवाला नदीपलीकडे मेव्हणीकडे आम्हाला पावाच्या गाडीतून घेऊन गेला.

हेडमास्तर आडवे आले. "माझी केळ ठणठणीत आहे. आणि तुम्हीच दिलीत, तुम्हीच नेताय, मग दिलीत कशाला?"

"चुकले म्हणून," मी म्हटलं.

"मग ती चूक तुमच्या परसात निस्तरा."

मी त्यांच्या पायरीवर बसकण मारली. म्हटलं, "मी इथून हलणार नाही. तुमचं जेवण होऊ द्या, झोप होऊ द्या." सूनबाई कुदळीला टेकून उभी. तासाभराने ते बाहेर आले, तेव्हा मी त्यांच्याच केळीचं पान त्यांच्या चष्म्यासमोर उन्हात धरलं. जी टिंबं दाखवून मी झाड दिलं होतं तीच दाखवून परत मागितलं. आता त्यांच्या तोंडून "वा वा" आलं नाही. स्वतः कोयता आणून दिला, एवढं मात्र खरं.

"चुकले" हा शब्द माझ्या तोंडातून निघायला सदुसष्ट वर्षं लागली. तीन दिवसांत सहा वेळा म्हटला. मेले नाही.

१५ जुलै

तेवीसही झाली. हात सोलून निघालेत. सूनबाईच्या तळव्यांना फोड आलेत, आज मी तिला बळेच बसवून मलम लावलं.

आमच्या परसातल्याही गेल्या. आईची तेवढी उभी आहे. घड लागलाय, सात फण्या.

१६ जुलै

वहीत नसलेलं एक घर राहिलंच होतं. शिंप्याला मी मुनवा दिला नव्हता, पण मावा काही भिंत बघून थांबत नाही. त्याच्याकडेही केळी आहेत, म्हणजे सांगायलाच हवं. मनात दुसरंही होतं, खोटं कशाला लिहू? आईची केळ त्याच्या परसात रंगेहाथ सापडणार होती.

गेले. दोनच केळी, दोन्ही बाजारातल्या जातीच्या. कोपरा न् कोपरा बघितला. आईची केळ नाही. कधी होती अशी खूणही नाही.

तो आपला मशीनवरून उठून मागे मागे येतोय. म्हणाला, "ताई, काय शोधताय?"

"मावा," मी म्हटलं.

दोन्ही केळी काढायला तो लगेच कबूल झाला. मग घुटमळत म्हणाला, "एक विचारू? दोन वर्षं तुम्ही बोलत नव्हता. तो निळा ब्लाउज बगलेत आवळ झाला म्हणूनच ना? मी तेव्हाच उसवून देणार होतो, पण तुम्ही तोंडच फिरवलंत."

बिचारा दोन वर्षं माझ्या ब्लाउजची बगल मनाला लावून बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तो शब्द चोविसाव्यांदा म्हटला, पण कशाबद्दल ते सांगायचं धाडस झालं नाही. निळा ब्लाउज नेऊन दिला.

मग मुनवा नेला कोणी?

९ ऑगस्ट

रोज सकाळी आईच्या केळीची पानं उन्हाकडे धरते. चौतीस दिवस कोरी होती.

आज सर्वांत कोवळ्या पानावर, देठाजवळ, एक रेघ. नखाएवढी. चष्मा पुसला. रेघच.

सूनबाई कामावर गेली होती. बघणारं कोणी नव्हतं. 'आज पान कोरं होतं' असं लिहायला मी वही उघडली होती. घड पंधरा-वीस दिवसांत तयार होईल. तेवढं तर थांबता येईल? एकदा ती चव घेतली, की मग काढू. कोणाला कळणार आहे?

तेवीस दारांत उभं राहून मी लोकांच्या उभ्या केळी उपटल्या आहेत. हेडमास्तरांनाही त्यांची केळ ठणठणीतच वाटत होती.

रेघ होती. लिहिलं.

१० ऑगस्ट

सकाळी साबणाचं पाणी मारलं. पहिला घाव मीच घातला. आईने दिलेली, आईची शेवटची जिती वस्तू. घडासकट आडवी झाली. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हटलं, "संपली. आता जगात कुठे नाही."

सूनबाईने कुदळ खाली टाकली आणि तिथेच चिखलात बसली.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"माझ्या आईकडे आहे. मी नेली होती. त्या दुपारी." आणि मग एका दमात, "माझे बाबा गेले त्या महिन्यात आईला काही गोड लागत नव्हतं. तुमच्या घडातली दोन केळी नेली होती, तेवढीच तिने खाल्ली. मी तुम्हाला मुनवा मागितला होता आई, आठवतंय? तुम्ही म्हणालात, ही बाहेर जायची नाही. मग नेला. रोज सांगणार होते. तुम्ही शिंपीकाकांना चोर म्हणायला लागलात आणि मग जीभच उचलेना."

मला तिने मागितल्याचं आठवत नव्हतं. आता आठवतंय. वर्तमानपत्र वाचता वाचता मी नाही म्हटलं होतं. मान वर करूनही बघितलं नव्हतं.

रागवायला हवं होतं. तोंड उघडलं, पण शब्द आला तो पंचविसाव्यांदा तोच.

मग दोघींनी मिळून कंद खणला. अख्खा. तुकडा मागे ठेवला नाही.

१७ ऑगस्ट

विहीणबाईंकडे आले आहे. तीन तासांचा प्रवास. निघताना धुतलेले कपडे, नवीन चपला. परसातला मावा आपल्या अंगावरून न्यायचा नाही, असं रोगतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. सूनबाईने मला पिशवीसुद्धा जुनी घेऊ दिली नाही.

विहीणबाई दारातच उभ्या.  त्यांना वाटत असावं मी भांडायला आलेय. शेवटी त्या म्हणाल्या, "या, मागच्या दारी या आधी. चहा नंतर."

न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेली आईची केळ. एक मोठी, तीन लहान, आणि घडाच्या ओझ्याने वाकलेली एक, तिला दोन बांबूंचा टेकू दिलेला. माझ्याकडे ती कधी एवढी फोफावली नव्हती, हे मला कबूल करावं लागेल.

मी एकेक पान उन्हाकडे धरलं. खालून वर, सगळी. तासभर लागला असेल. विहीणबाई आणि सूनबाई भिंतीला टेकून उभ्या. मी जन्मभर टिंबं-रेघा वाचल्या, पण काहीही लिहिलेलं नाही याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. "कोरी आहेत," मी म्हटलं. "सगळी कोरी."

विहीणबाई लगेच कुदळ घेऊन आल्या. "हा घ्या, हा सर्वांत जोमदार आहे."

हात पुढे गेला होता. मागे घेतला. म्हटलं, "आत्ता नको. आमच्याकडची माती वर्षभर रिकामी ठेवायची आहे. कंदाचा तुकडा कुठे राहून पुन्हा फुटला, तर सगळं मुसळ केरात. तोवर इथेच राहू दे. पुढच्या ऑगस्टला मी मागायला येईन. रीतसर."

"मागायचं काय त्यात?" विहीणबाई म्हणाल्या. "दुपारचं यायचं, खणायचं आणि न्यायचं. तुमच्या सुनेने कुठे विचारलं होतं?"

सूनबाईने तोंडाला पदर लावला. मग तिघीही हसलो, इतक्या की टेकूचा बांबू हलला आणि विहीणबाई घड धरायला धावल्या.

उद्या परतणार. शिंप्याला सगळं खरं सांगायचं आहे, तेही उद्याच. आणि नियम बदलायचा आहे. ज्याला मुनवा दिला, त्याच्याकडे दर महिन्याला जाऊन पान उन्हाकडे धरून बघायचं. पुढच्या वर्षीचा पहिला मुनवा आईच्याच केळीचा. तो माझ्या परसात लागेल, आणि त्याला फुटलेला पहिला जाईल पुढच्या घरी, नियमाप्रमाणे.

वहीत नाव आत्ताच लिहून ठेवते: हेडमास्तर.